काल्शीचा निकाल आणि पॉलीमार्केटचा निकाल: भाव सारखा दिसतो, निकाल लावणारे वेगळे

पाऊस इलो की नाही यावरून मे महिन्याच्या शेवटी आमच्या देवगड-रत्नागिरी पट्ट्यात दरवर्षी बोलाचाली होतात. २०२५ ला तर मान्सूनच्या आधीच अरबी समुद्रातल्या कमी दाबामुळे धो धो पडत होता, ज्यांचा हापूस झाडावर राहिला होता ते कपाळाला हात लावून बसले, गावात सगळे म्हणत होते लागला पाऊस, पण हवामान खात्याने मान्सून देवगडपर्यंत पोचला असं जाहीर केलं ते २५ मे ला. दुसऱ्या दिवशी मुंबई. आता समजा कोणी प्रश्न लावला असता, २५ मे पर्यंत कोकणात मान्सून येईल का, हो की नाही. एकजण म्हणणार देवगड कोकणातच आहे, म्हणजे हो. दुसरा म्हणणार देवगडच्या वरचा सगळा कोकण, रत्नागिरी शहर, रायगड, पालघर, खात्याच्या नकाशावरच्या मान्सूनच्या सीमारेषेच्या बाहेर होता, म्हणजे नाही. आणि दोघंही खोटं बोलत नाहीयेत. प्रेडिक्शन मार्केट म्हणजे पुढे काय घडेल यावर पैसे लावायचे बाजार, तिथली गाजलेली भांडणं बरीचशी याच जातीची आहेत, काय घडलं ते सगळ्यांनी बघितलेलं असतं, अडतं ते प्रश्नात लिहिलेल्या शब्दावर. म्हणून तो शब्द वाचून निकाल कोण लावतो हे माहीत असायला पाहिजे, आणि इथेच लोक काल्शी आणि पॉलीमार्केट हे असे दोन बाजार एका पोत्यात भरतात.

गोंधळ होणं साहजिक आहे. अमेरिकेच्या २०२४ च्या निवडणुकीपासून व्हॉट्सॲपवर दोन्हीचे स्क्रीनशॉट फिरतात आणि दिसायला ते सारखेच. प्रश्न, खाली हो आणि नाही, भाव ० ते १ डॉलरच्या मधे. उत्तर हो आलं तर हो वाल्याला शेअरमागे १ डॉलर, नाही वाल्याला शून्य. भाव ६२ सेंट असेल तर लोकांच्या मते शक्यता साधारण ६२ टक्के. इथपर्यंत दोघांत काही फरक नाही.

काल्शी हे अमेरिकेतलं एक्स्चेंज, तिथल्या सीएफटीसी या सरकारी नियामकाच्या देखरेखीखालचं. तिथे प्रत्येक प्रश्नाच्या नियमांत आधीच लिहून ठेवलेलं असतं की उत्तर कुठून घ्यायचं. न्यूयॉर्कचं कमाल तापमान किती जाईल असा प्रश्न असेल तर उत्तर नॅशनल वेदर सर्व्हिसच्या सेंट्रल पार्कच्या रोजच्या रिपोर्टमधून, तुमच्या फोनवरचं ॲप काय दाखवतं त्याला तिथे काही किंमत नाही. आणि त्या रिपोर्टचा दिवससुद्धा वर्षभर स्टँडर्ड टाइमने मोजतात, उन्हाळ्यात तिकडे घड्याळं एक तास पुढे असतात तेव्हा तो दिवस घड्याळातल्या रात्री १ पासून दुसऱ्या रात्री १ पर्यंत चालतो. ज्याने हे वाचलेलं नसतं तो रात्री साडेबाराचं तापमान नव्या दिवसात धरतो आणि मग फसवलं फसवलं म्हणून ओरडतो. आपल्याकडे पण असंच आहे बरं का, हवामान खातं पाऊस मोजतं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ, आणि आकडा ज्या दिवशी मोजला त्या तारखेच्या नावावर जातो, म्हणजे १६ जुलैच्या नावावर जो पाऊस दिसतो त्यातला बराचसा १५ ला पडलेला असू शकतो. रत्नागिरीत १५ जुलैला २०५ मिमी पडेल का असा प्रश्न वेळ न लिहिता टाकला तर दोन्ही बाजूंकडे खात्याचाच कागद असेल!

सोर्स ठरलेला असला की काल्शीचीच माणसं तो बघून निकाल लावतात आणि पैसे वळते करतात. मुदत संपल्यावर सोर्सने नंतर आकडा सुधारला तर तो सहसा धरत नाहीत. निकाल पटला नाही तर तक्रार एक्स्चेंजकडेच करायची, फेरतपासणी तेच करणार, वर नियामक आणि कोर्ट आहेत. कोणी मतदान करत नाही. ज्याने प्रश्न लिहिला त्यानेच वाचून निकाल लावायचा, हा या पद्धतीचा कमकुवत भाग, पण निदान जबाबदार कोण ते नावानिशी माहीत असतं.

या पद्धतीत चूक कशी होते त्याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण काल्शीच्या कितीतरी आधीचं आहे, २००६ चं, आयर्लंडमधल्या ट्रेडस्पोर्ट्स नावाच्या अशाच बाजाराचं. प्रश्न होता उत्तर कोरिया ३१ जुलैपर्यंत क्षेपणास्त्र सोडेल का आणि ते त्यांच्या हवाई हद्दीबाहेर जाईल का. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात क्षेपणास्त्रं सुटली, जगभर बातम्या, व्हाइट हाउसनेही सांगितलं. पण नियमात लिहिलं होतं की पुष्टी अमेरिकेच्या संरक्षण खात्याची पाहिजे, आणि नियमाला हवी तशी पुष्टी त्या खात्याकडून आली नाही. निकाल लागला तो "नाही" असा. हो वाले आयुष्यभर विसरले नसतील. पण माझं मत विचाराल तर निकाल नियमाप्रमाणेच होता, वाईट होतं ते प्रश्न लिहिताना एकाच खात्याच्या तोंडाकडे बघत बसायचं ठरवलं ते.

आता पॉलीमार्केट, म्हणजे त्यांचं मूळचं क्रिप्टोवालं मार्केट, अमेरिकेतलं नवीन नियमनाखालचं नाही. राजकारण, युद्ध, करार अशा प्रश्नांत तिथे निकाल कंपनी लावत नाही. नियम कंपनी लिहिते, पण वाचून निकाल लावायचं काम युमा नावाच्या वेगळ्या प्रोटोकॉलकडे, म्हणजे क्रिप्टोवरच चालणाऱ्या वेगळ्या व्यवस्थेकडे आहे. चालतं असं. मुदत झाली की कोणीतरी निकाल सुचवतो आणि सोबत अनामत ठेवतो, सहसा ७५० डॉलर. मग २ तास थांबायचं. कोणी हरकत घेतली नाही तर तोच निकाल, अनामत परत, वर थोडं बक्षीस. बहुतेक प्रश्न इथेच संपतात आणि कोणाला पत्तापण लागत नाही. हरकत घ्यायची असेल तर हरकत घेणाऱ्यानेही तेवढीच अनामत ठेवायची. पहिली हरकत आली की तो प्रस्ताव बाजूला जातो आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो, दुसऱ्यांदा हरकत आली की मात्र प्रकरण युमाच्या टोकनधारकांच्या, म्हणजे युमाचं क्रिप्टो नाणं जवळ असलेल्यांच्या, मतदानाला जातं. मतं आधी बंद पाकिटात पडतात, साधारण एक दिवस, मग दुसऱ्या दिवशी पाकिटं उघडायची, कारण आधीच दिसली तर लोक मोठ्याचं बघून मत देतील. जो हरला त्याची अनामत जाते, त्यातली अर्धी जिंकणाऱ्याला. बहुमताच्या विरुद्ध मत देणाऱ्याचे किंवा मतच न देणाऱ्याचे टोकन थोडे कापले जातात.

मतदाराकडे उत्तरं चार असतात: हो, नाही, पन्नास-पन्नास, आणि अजून वेळ आहे. हे चौथं उत्तर घाई करणाऱ्यांसाठी. आपल्या मान्सूनच्या प्रश्नावर २२ मे ला पाऊस बघून कोणी हो सुचवलं असतं, तर पाऊस कितीही पडत असो, मुदत संपलेली नाही आणि खात्याने जाहीर केलेलं नाही, म्हणून अजून वेळ आहे असं मत पडून त्याची अनामत गेली असती.

ऐकायला छान वाटतं, पण मोठ्या प्रश्नांवर ही पद्धत कशी डगमगते ते २०२५ मध्ये दोनदा दिसलं. जून अखेरपर्यंत झेलेन्स्की सूट घालून दिसेल का असा प्रश्न होता. जूनमध्ये हेगच्या नाटो बैठकीला तो काळं जॅकेट आणि तशीच पँट घालून गेला, टाय नाही, बऱ्याच बातम्यांनी सूट लिहिलं. निकाल बातम्यांच्या एकमतावर ठरणार होता, हो सुचवला गेला, हरकत आली, पुन्हा हरकत आली, आणि जुलैमध्ये शेवटी मतदानाने "नाही" असा निकाल लागला. उलाढाल २० कोटी डॉलरच्या वर. सूट म्हणजे काय हे नियमात लिहिलेलंच नव्हतं, मग दुसरं काय होणार.

दुसरं प्रकरण जास्त गंभीर आहे. युक्रेन ट्रम्पशी खनिज करार करेल का, मुदत मार्चअखेर. करार झालेला नसताना मार्चमध्येच निकाल हो लागला, सुमारे ७० लाख डॉलरचं मार्केट. बातम्यांनुसार एका मोठ्या टोकनधारकाने तीन खात्यांतून सुमारे ५० लाख टोकनचं मत टाकलं, एकूण मतांच्या पाव भाग. पॉलीमार्केटने मान्य केलं की निकाल अपेक्षेच्या विरुद्ध आहे, पण पैसे परत देणार नाही म्हणाले. खरा करार झाला ३० एप्रिलला. सूटच्या वेळी निदान शब्द संदिग्ध होता, इथे नियम नीट वाचला तरी हो निघत नव्हतं. आणि मत देणाऱ्याने त्याच प्रश्नावर स्वतःचे पैसे लावलेले असू शकतात याला या पद्धतीत बंदी नाही, हे मला अजिबात पटत नाही. गावच्या सभेत जमिनीच्या वादात वादीच मत द्यायला बसला तर आपण चालवून घेऊ का?

तरी एक गोष्ट या बाजूने सांगायलाच पाहिजे. जुलै २०२४ च्या व्हेनेझुएला निवडणुकीत तिथल्या निवडणूक आयोगाने मादुरो जिंकला असं जाहीर केलं, पण नियमात सरकारी माहितीबरोबर विश्वासार्ह बातम्यांचं एकमतही चालेल असं होतं, आणि निकाल विरोधकांच्या गोन्झालेझच्या बाजूने लागला. २००६ च्या कोरियाच्या प्रश्नाशेजारी हे ठेवून बघा. तिकडे ठरलेला सोर्स गप्प म्हणून डोळ्यांनी दिसलेलं नाकारलं गेलं, इकडे सरकारी सोर्स बोलला तरी माणसांनी तो मान्य केला नाही. सोर्सच खोटं बोलेल अशी भीती असेल तिथे माणसं हवीत, पाऊस, तापमान, महागाईचा आकडा असल्या गोष्टींना सरळ सोर्सच बरा.

ऑगस्ट २०२५ पासून पॉलीमार्केटच्या प्रश्नांवर निकाल सुचवायचा अधिकार मंजूर यादीतल्यांनाच ठेवलाय, कोणीही उठून सुचवू नये म्हणून. हरकत मात्र अजून कोणीही घेऊ शकतं, आणि मतदान तसंच आहे.

स्क्रीनशॉट बघताना आणखी एक घोटाळा होतो. भाव ९९ सेंट झाला म्हणजे निकाल लागला असं नाही, हरकत आणि मतदान चालू असतानाही खरेदी-विक्री चालूच असते, सूटच्या प्रश्नात भाव कितीतरी वेळा इकडून तिकडे गेला. निकाल लागला का हे प्रश्नाखालच्या निकालाच्या स्थितीत बघायचं: सुचवलाय, हरकत आहे, मतदानात आहे, की अंतिम.

आपल्याकडून पैसे लावायचा विषय नाहीच. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे असे खेळ बंद केलेत, आपल्याकडे असे हो-नाहीचे बाजार चालवणाऱ्या प्रोबोसारख्यांनी तेव्हाच पैशांचा धंदा थांबवला, आणि त्याआधी एप्रिलमध्ये सेबीने सांगितलं होतं की ओपिनियन ट्रेडिंग, म्हणजे हो-नाहीवर पैसे लावायचा हाच प्रकार, आमच्या कक्षेत येत नाही, तिथे गुंतवणूकदाराला आमचं संरक्षण नाही. म्हणजे निकालात फसलात तर दाद मागायला दार नाही. पण आकडे बातम्यांत येतातच, म्हणून ते कुठून आले हे कळायला हवं.

सुरुवातीचा पावसाचा प्रश्न मी लिहिला असता तर असा: "भारतीय हवामान खात्याच्या रोजच्या पत्रकानुसार मान्सूनची उत्तर सीमा ५ जून, रात्री ११:५९ पर्यंत रत्नागिरी शहरावर किंवा त्याच्या उत्तरेला पोचल्याचं जाहीर झालं तर हो, नाहीतर नाही, त्यानंतर खात्याने तारीख बदलली तर ती धरणार नाही." काल्शीच्या पद्धतीला एवढं पुरेल. टोकनच्या मतदानाला जाऊ शकणाऱ्या ठिकाणी अजून एक ओळ लागेल, की खात्याचं पत्रक उपलब्ध असताना बातम्या, व्हिडिओ किंवा तिथे प्रत्यक्ष पडलेला पाऊस यातलं काहीच पुरावा म्हणून चालणार नाही.