गोव्याची खाणमाती आणि नद्या : ‘डंप’ या शब्दाची पार्श्वभूमी

डिसेंबर 2022 मध्ये गोव्यात लोहखनिजाच्या पहिल्या चार ब्लॉकांचा (खाणक्षेत्रांचा) लिलाव झाला आणि 2024 मध्ये डिचोली तालुक्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले. नव्या ब्लॉकांसाठी गटारे, दगडी बांध, गाळ बसवण्याची तळी आखायची म्हटले की एक जुना घोळ आडवा येतो : डंप म्हणजे नक्की काय?

पोर्तुगीज काळातले खाणपट्टे लहान, शंभर हेक्टरांपर्यंतचे. एक टन खनिजासाठी अडीच-तीन टन माती उकरावी लागे. ती ठेवायला जागा नसल्याने शेजारच्या जमिनीत ढीग रचले गेले. हेच डंप. त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ओहोळांतून ही माती मांडवीच्या उपनद्यांत आणि वाटेतल्या भातशेतांत उतरली. वाफ्यात बसलेला हा बारीक गाळ उन्हात कडक पापडीसारखा होतो. रोपाची मुळे त्यात गुदमरतात. ज्या शेतकऱ्याने असा वाफा खरवडला आहे, त्याला डंपची व्याख्या कोणी शिकवायला नको.

कागदावर मात्र ती बदलत गेली. आधी हे ढीग म्हणजे टाकाऊ माती. म्हणून उताराला पायऱ्या पाडल्या, काथ्याच्या जाळ्या अंथरल्या, काजू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. मग चीनकडून कमी प्रतीच्या खनिजाला मागणी आली. 2009 मध्ये लोहखनिज ठरण्यासाठी लागणाऱ्या लोहाची किमान पातळी 55 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर आली आणि कालची टाकाऊ माती माल ठरली. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणकामावर बंदी आली. त्यानंतर एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्याबाहेर डंप टाकण्यास मनाई केली. त्यानंतरचा वाद प्रामुख्याने मालकीचा आणि रॉयल्टीचा राहिला. नदी त्यात मागे पडली, ही माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली मोठी चूक. कारण माल म्हणून डंप उचलायचा, तर वीस-पंचवीस वर्षांत मुळे धरलेला उतार पुन्हा उघडा पडतो. नदीच्या दृष्टीने ती नवीच खाण असते.

नियमांत वरची सुपीक माती वेगळी साठवणे आहे, उतारांवर झाडोरा राखणेही आहे. पण आधी खणायचे आणि तळी नंतर बांधायची, हा क्रम उलटा झाल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये उपसलेले नसेल, तर तळे मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीतच भरते आणि पुढचे लाल पाणी थेट ओहोळाला लागते.