जलरंग युद्धासाठी दुबळा नाही

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात आणि खानापूर-निपाणीकडेही एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो, की जलरंग फुलांसाठी व निसर्गदृश्यांसाठी ठीक, परंतु युद्धाला तैलरंगच हवा. हा समज चुकीचा आहे. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांनी १९१८ मध्ये फ्रान्समध्ये युद्धाची जलरंगचित्रे काढली. इंग्रज चित्रकार एरिक रॅव्हिलियस तर १९४२ मध्ये आइसलँडजवळ विमानासह बेपत्ता होईपर्यंत, अधिकृत युद्धचित्रकार म्हणून प्रामुख्याने याच माध्यमात काम करीत होते. लहानशी रंगपेटी, कागद आणि थोडे पाणी एवढ्यावर काम भागते, आणि तैलरंगाला वाळायला दिवस लागतात तिथे जलरंग (आपला पावसाळा सोडला तर) काही मिनिटांत वाळतो. शिवाय ओल्या कागदावर आपोआप पसरणारा रंग धुराचा पुसट काठ जसा दाखवतो, तसा मला अन्य माध्यमात क्वचितच दिसला.