बल शून्य, पण प्रवाह शून्य नाही

सूर्याच्या करोनातलं, म्हणजे सर्वांत बाहेरच्या वातावरणातलं, चुंबकीय क्षेत्र थेट मोजणं महाकठीण. वायू अतिविरळ, तापमान 10 लाख अंशांच्या वर. चुंबकत्वामुळे प्रकाशाच्या वर्णपटातली रेषा दुभंगते खरी, पण उष्णतेने रुंदावलेल्या रेषेत ते कळतच नाही. म्हणून खाली दीप्तिगोलावर, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागावर, मोजायचं आणि वरचं गणिताने काढायचं. या गणितात दोन नावं हमखास भेटतात: पोटेन्शियल फील्ड आणि फोर्स-फ्री फील्ड. पुष्कळांना ती एकच वाटतात.

गोंधळ होतो, कारण चुंबकीय बल दोन्हींत शून्यच. पण पोटेन्शियलमध्ये ते शून्य असतं कारण विद्युतप्रवाहच नसतो. फोर्स-फ्रीमध्ये प्रवाह असतो, मात्र तो चुंबकीय बलरेषेला समांतर वाहतो, म्हणून बल लागत नाही. म्हणजे प्रत्येक पोटेन्शियल क्षेत्र फोर्स-फ्री असतं. उलट मात्र नाही.

खरी मेख ऊर्जेत आहे. पृष्ठभागावरचं वर-खाली जाणारं क्षेत्र ठरलं की सर्वांत कमी ऊर्जा पोटेन्शियल क्षेत्राची. त्याखाली जाता येत नाही, म्हणून त्यातून सौरज्वाला निघूच शकत नाही. ज्वालेची ऊर्जा साठते ती बलरेषांच्या पिळात. (सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे इथे बरंचसं खरं आहे: ज्वालेत ऊर्जा झपाट्याने खर्च होते, एकूण पीळ मात्र फारसा घटत नाही.) 15 फेब्रुवारी 2011 रोजी एक्स 2.2 ज्वाला (एक्स हा सर्वांत प्रखर वर्ग) देणारा डागसमूह 11158 पाहा. त्याच्या मध्यभागी विरुद्ध ध्रुवांचे डाग एकमेकांना घासत सरकत होते. पोटेन्शियल गणित तिथल्या रेषा दोन ध्रुवांमधली सीमारेषा ओलांडून सरळ पलीकडे नेतं; प्रत्यक्षात त्या सीमेलगत जवळपास आडव्या ताणलेल्या होत्या.

मग पोटेन्शियल टाकाऊ? मुळीच नाही. संपूर्ण करोनाचा ढोबळ आकार हवा असेल तर 1969 पासूनची रीत आजही चालते: सूर्यकेंद्रापासून साधारण 2.5 त्रिज्यांवर रेषा सरळ बाहेर वळल्या असं मानायचं. त्याला दृष्टिरेषेतलं मापन पुरतं, आणि ते गोंग या जगभर पसरलेल्या सौरनिरीक्षण जाळ्याच्या सहा केंद्रांतून मिळतं. एक आपल्या उदयपूरला आहे.

फोर्स-फ्रीला तिन्ही दिशांचे घटक लागतात. आडव्या घटकाची दिशा 180 अंशांनी उलटी आहे की सुलटी, हे मापनातून कळत नाही. त्यात दीप्तिगोलावर वायूचा दाब जबर, म्हणजे ज्या पायावर गणित उभं करायचं तो पायाच फोर्स-फ्री नाही. 2009 मध्ये डागसमूह 10953 वर अनेक गटांची गणितं ताडून पाहिली, तेव्हा उत्तरं जुळली नाहीत. त्यामुळे गणिताने काढलेल्या बलरेषांचं असं देखणं चित्र समोर आलं, की त्यातल्या रेषा अतिनील छायाचित्रातल्या कमानींवर बसतात का, हे आधी तपासावं.