उथळ तळ्यात मासा कधी लागतो? कॅलेंडर ठेवा बाजूला, पाण्याचं टेम्परेचर बघा

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास आता इतकी मराठी घरं झालीयेत की एप्रिलमध्ये रूझवेल्ट पार्कातल्या तळ्याकाठी गळ टाकून उभ्या असलेल्या लोकांत मराठी ऐकू आलं तर नवल वाटत नाही. आणि नव्याने मासेमारीला लागलेल्या प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो, की एप्रिलमध्ये इथे ट्राउट हे गार पाण्यातले मासे पटापट लागत होते, तेच तळं, तोच गळ, तीच जागा, मग जुलैत सगळे गेले कुठे? कोणी म्हणतं लोकांनी पकडून संपवले, कोणी म्हणतं खोल पाण्यात गेले. पहिलं थोडंफार खरं आहे. दुसरं मात्र होऊच शकत नाही, कारण अशा तळ्यात खोल पाणीच नसतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

पाणी सगळ्यात जड असतं ते साधारण 4 अंश सेल्सिअसला. त्याहून गरम झालं की हलकं होतं आणि त्याहून गार झालं तरी हलकंच होतं. त्यामुळे खोल तलावात उन्हाळ्यात दोन मजले तयार होतात, वर तापलेलं हलकं पाणी आणि खाली गार जड पाणी, आणि ते महिनोन्महिने एकमेकांत मिसळत नाहीत. न्यू जर्सीतच राउंड व्हॅली नावाचा दीडशे फुटांहून खोल जलाशय आहे, तिथे ट्राउट भर ऑगस्टमध्ये खालच्या गार पाण्यात मजेत राहतात. पण ज्या तळ्याची सरासरी खोली जेमतेम दोन-तीन मीटर आहे तिथे जरा जोराचा वारा सुटला की पाणी पार तळापर्यंत ढवळलं जातं, म्हणजे वरपासून खालपर्यंत जवळपास एकच टेम्परेचर, लपायला गार कोपरा नाही.

आता यात ऑक्सिजनचा हिशोब घाला. 5 अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण 12.8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 25 अंशाला तोच 8.3 वर येतो. आणि माशाचं शरीर पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं, त्याला आपल्यासारखं आतून टेम्परेचर धरून ठेवता येत नाही, त्यामुळे पाणी 10 अंशांनी तापलं की त्याच्या शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. गरज दुप्पट आणि पुरवठा कमी. बास आणि ब्लूगिल हे तळ्यातले दुसरे मासे हे सहन करतात, ट्राउट नाही करू शकत. रेनबो ट्राउटला 10 ते 16 अंशाचं पाणी आवडतं, 20 च्या वर त्याचे हाल सुरू होतात आणि 25 च्या आसपास तो मरायला टेकतो. मध्य न्यू जर्सीतलं उथळ तळं जुलैत 25 अंश सहज ओलांडतं, म्हणजे ट्राउट कुठे गेले याचं उत्तर असं की जे पकडले गेले नाहीत त्यातले बहुतेक वाचलेच नाहीत.

मुळात हे ट्राउट तिथले नसतातच. वॉरन काउंटीत पेक्वेस्ट नावाची सरकारी हॅचरी, म्हणजे मासे वाढवण्याचं केंद्र, आहे, तिथे जमिनीखालच्या गार पाण्यावर दरवर्षी सहा लाखांच्या आसपास ट्राउट वाढवतात आणि वसंतात ट्रकने आणून राज्यभरच्या नद्यांत, तळ्यांत सोडतात. सीझन उघडतो एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी. रेनबो हा मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडच्या गार नद्यांतला मासा. पूर्वी त्याच्यासोबत ब्रूक आणि ब्राउन ट्राउटही असायचे, पण 2013-14 मध्ये हॅचरीत फुरुंक्युलोसिस हा बॅक्टेरियाचा रोग पसरला, ब्रूक आणि ब्राउन त्याला जास्त बळी पडतात, रेनबो बऱ्यापैकी टिकतो, म्हणून त्यानंतर फक्त रेनबोच वाढवायचं ठरलं. ऑक्टोबरमध्ये पाणी गार झालं की पुन्हा एक फेरी होते, तेव्हाचे मासे आकाराने मोठे असतात, आणि नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुमारास काही तळ्यांत अजून एक.

म्हणून मला मनापासून वाटतं की उथळ तळ्यात मे महिन्यात लागलेला ट्राउट नियमात बसत असेल तर खुशाल घरी न्यावा, आलं-लसूण लावून तव्यावर टाकावा. त्याला परत सोडणं म्हणजे दया असं अनेकांना वाटतं, पण पाणी 20 अंशाच्या वर गेलेलं असताना गळाशी झुंजून दमलेला ट्राउट सोडला तरी पोट वर करून उलटा होतो, कारण दमलेल्या स्नायूंना जेवढा ऑक्सिजन हवा तेवढा त्या पाण्यात नसतो. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा, 68 फॅरनहाइटच्या (म्हणजे 20 सेल्सिअसच्या) वर काटा गेला की पाणी पुन्हा गार होईपर्यंत ट्राउटची मासेमारी थांबवा आणि दुसऱ्या माशाकडे वळा.

दुसरा मासा म्हणजे लार्जमाउथ बास, आणि याच्या बाबतीत मेमधला सल्ला बरोब्बर उलटा. पाणी 15-16 अंशाला पोचलं की नर बास काठाजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात येतो, शेपटीने गाळ उडवून वाळूत गोल खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पुढचे काही आठवडे अंडी आणि पिल्लं हा एकटा बाप सांभाळतो. या काळात तो जवळजवळ काही खात नाही, तरी गळाला पटकन लागतो, कारण खळग्याजवळ काहीही आलं की तो हल्ला करतो, भुकेने नव्हे, राखणीसाठी.

कॅनडात ऑन्टारियोमध्ये ओपिनिकॉन नावाचा उथळ तलाव आहे, क्वीन्स युनिव्हर्सिटीचं संशोधन केंद्र त्याच्या काठावरच आहे, तिथे शास्त्रज्ञांनी पाण्यात उतरून हे जवळून बघितलंय. बापाला गळाने वर काढलं की आसपास घिरट्या घालणारे ब्लूगिल लगेच खळग्यावर तुटून पडतात आणि अंडी-पिल्लं खायला लागतात. तो लगेच परत गेला तर काही वाचतात, पण फोटो, वजन, मित्राला दाखवणं असं करत जितका उशीर होईल तितकी तो घरटं सोडून देण्याची शक्यता वाढते, कारण राखण्यासारखं काही उरलेलंच नसतं. न्यू जर्सीत 15 एप्रिल ते 15 जून बास घरी न्यायला बंदी आहे ती याचसाठी, पण नियम पकडून सोडायला मुभा देतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की खळग्यावर उभा दिसणारा बास सोडायच्या बोलीवरही पकडू नये.

याला अजून एक भक्कम कारण आहे. इलिनॉयमधल्या रिज लेकवर 1970 च्या दशकात चार वर्षं प्रत्येक पकडलेल्या बासची नोंद ठेवून त्याला परत सोडत होते. एक मासा एकाच वर्षात 16 वेळा लागला. मग तलाव रिकामा केला तेव्हा 1700 हून जास्त बास मिळाले, आणि त्यातले 200 च्या आसपास असे होते की जे एकदाही गळाला लागले नव्हते! शास्त्रज्ञांनी वारंवार लागणाऱ्यांचा एक आणि न लागणाऱ्यांचा एक असे दोन वंश वेगळे वाढवले, काही पिढ्यांनी दिसलं की गळाला लागण्याची वृत्ती आनुवंशिक आहे, आणि जे नर सहज लागतात तेच पिल्लांची राखण जास्त चांगली करतात. म्हणजे आपण गळाने नेमके चांगले बाप वेचून काढतोय.

आता पॅनफिश, म्हणजे ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी, यलो पर्च असे छोटे, चवीला छान मासे सगळे मिळून. मुलांना मासेमारी शिकवायची तर याच माशांवर, छोटा गळ, त्यावर गांडुळाचा तुकडा, वर बूच, बस. क्रॅपी साधारण बासच्या आगेमागेच काठाला येतात, ब्लूगिल मात्र पाणी 20 अंशाकडे गेल्यावर, आणि मग उन्हाळाभर पुन्हा पुन्हा. त्यांचे खळगे एकमेकांना लागून, अख्खी वसाहतच असते, काठावरून पोलराइज्ड चष्म्यातून बघितलं तर तळाला गोल गोल चट्टे दिसतात.

ब्लूगिलच्या नरांचा प्रकार तर कमाल आहे. ओपिनिकॉनवरच मार्ट ग्रॉस या शास्त्रज्ञाने 1980 च्या सुमारास दाखवून दिलं की तिथे घरटं बांधणारा नर सात वर्षांचा झाल्यावर वयात येतो, पण काही नर दोन वर्षांतच वयात येतात, ते घरटं बांधतच नाहीत, जोडी अंडी घालत असताना वनस्पतींतून झपकन येऊन आपले शुक्राणू सोडून पळतात. तेच थोडे मोठे झाले की मादीसारखं रंगरूप घेऊन सरळ घरट्यात शिरतात. पिल्लं मात्र सांभाळतो तो बिचारा मोठा नर. आता विचार करा, वसाहतीवर गळ टाकून आपण सगळ्यात मोठे, गडद रंगाचे मासेच ठेवत गेलो तर मागे काय उरेल? मोठे नर गेले की छोट्यांना मोठं होईपर्यंत थांबायची गरज राहत नाही, ते लवकर वयात येतात, वाढ तिथेच खुंटते, आणि काही वर्षांत तळंभर बोटाएवढे ब्लूगिल. तेव्हा मधल्या आकाराचे ठेवा, मोठे नर सोडा. राज्याची मर्यादा दिवसाला 25 पॅनफिशची आहे, पण एका कुटुंबाच्या जेवणाला दहा-बाराही पुरतात. (16 वर्षं आणि त्यावरच्या बहुतेकांना लायसन्स लागतं आणि ट्राउटसाठी वेगळा स्टॅम्प, नियम दरवर्षी तपासून घ्यावेत.)

बास कमी झाले तर नुकसान फक्त बासचं होत नाही. बास ब्लूगिल खातो, ब्लूगिल डॅफ्नियासारखे डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव खातो आणि डॅफ्निया पाण्यातलं शेवाळ खातात. वरचा एक दुवा काढला की ब्लूगिल वाढतात, डॅफ्निया घटतात, पाणी हिरवं होत जातं. मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात मांडलं की उथळ तळं दोनच अवस्थांत स्थिर राहतं, एकतर पाणवनस्पती भरपूर आणि पाणी नितळ, नाहीतर वनस्पती नाहीत आणि पाणी गढूळ हिरवं. मधलं फार काळ टिकत नाही, आणि एकदा हिरव्याकडे गेलं की परत आणणं महाकठीण. त्यामुळे गळ अडकतो म्हणून तळ्यातल्या वनस्पती मुळासकट काढा अशी मागणी लोक करतात तेव्हा मला खरंच काळजी वाटते. नावेपुरती, गळापुरती वाट मोकळी करणं ठीक आहे, पण बासचं उन्हाळ्यातलं शिकारीचं ठिकाण म्हणजे त्या वनस्पतींची कडच, तिथेच दबा धरून तो बसतो, गळ टाकायचा तोही तिथेच.

उन्हाळ्यात अशा तळ्याचा ऑक्सिजन दिवसभर वर-खाली होत असतो. उन्हात वनस्पती आणि शेवाळ ऑक्सिजन तयार करतात, रात्री सगळेच तो फक्त वापरतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. दोन-तीन दिवस ढगाळ, उकाडा आणि वारा बंद असं झालं की पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढताना दिसतात. त्या दिवशी गळ टाकूच नका, लागलेला मासा सोडला तरी जगायची शाश्वती नाही. एरवी जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळ उत्तम, ऊन उतरल्यावर ऑक्सिजन भरपूर असतो आणि बास खायला काठाकडे सरकतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी उतरत 15 अंशाकडे आलं की बास थंडीआधी भरपूर खातो आणि ऑक्टोबरमध्ये ट्राउटही नव्याने आलेले असतात, ट्राउट, बास आणि पॅनफिश असे तिन्ही एकाच दिवशी मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त तेव्हाच.

थंडीत बर्फ वर तरंगतो आणि तळाशी 4 अंशाच्या आसपासचं पाणी राहतं, म्हणून मासे गोठत नाहीत. बास मंदावतो, यलो पर्च मात्र बर्फाखालीही खात राहतो. बर्फावर जाड हिम साचलं तर उजेड अडतो, वनस्पतींकडून ऑक्सिजन येणं थांबतं, तळाचा पालापाचोळा कुजताना उरलेला खाऊन टाकतो, आणि उथळ तळ्यात साठा मुळातच कमी, म्हणून काही हिवाळ्यांनंतर बर्फ वितळल्यावर काठाला मेलेले मासे दिसतात. बर्फावर चालायला किमान 4 इंच स्वच्छ, कडक बर्फ हवा असं सगळीकडे सांगतात. मध्य न्यू जर्सीत कित्येक हिवाळ्यांत तेवढा होतच नाही, अशा वर्षी काठावरूनच गळ टाकावा, पर्च आणि ऑक्टोबरनंतरचे ट्राउट तिथूनही लागतात.