फौजेतून निवृत्तीनंतर शिक्षक व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि थोडं लेखनाविषयी

पंधरा वर्षांच्या सेवेनंतर जवानाला पदवी-समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. पदवी मागणाऱ्या गट 'क'च्या बऱ्याच पदांना ते चालतं, पण शिक्षकपदाला नाही. तिथे व्यावसायिक पात्रताच लागते. घरी परतल्यावर हे कळलं तर उमेदीची वर्षं वाया जातात, म्हणून नोकरीत असतानाच इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन ठेवा.

पहिली ते पाचवीला डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) हवं, ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे बी.एड. चालत नाही. नववी-दहावीला बी.एड. लागतं. दोन्ही अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे. आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) ही हवी. खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 गुण. नंतर 200 गुणांची टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी; ही टीईटीहून वेगळी. तिच्यात पास-नापास नसतं, गुणवत्ता यादी मात्र तिच्यावरच लागते. मग राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नोंदणी करायची.

जिल्हा परिषदेच्या शिक्षक भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, वयातही सवलत आहे. शैक्षणिक पात्रतेतून मात्र सुटका नाही.

कागदपत्रं: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं माजी सैनिक ओळखपत्र, अधिवास, गुणपत्रिका, लागू असेल तर जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेयर. घोडं अडतं ते नावावर. डिस्चार्ज बुकात नुसतं 'संजय पाटील' आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांसकट पूर्ण नाव असेल, तर पडताळणीत प्रश्न येतोच. युनिट सोडण्याआधी रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घ्या.

आर्मी पब्लिक स्कूलची वाट वेगळी आहे: ऑनलाइन चाळणी परीक्षा, मुलाखत, मग अध्यापन कौशल्य आणि संगणकाची चाचणी. रंगरुटांना उस्ताद म्हणून शिकवलेल्या हवालदाराने ही संधी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. फळ्यापुढे उभं राहायची भीड त्याची केव्हाच मोडलेली असते.

लिहायचं असेल तर सेवेत असताना प्रकाशनाआधी परवानगी घ्यावी लागते. निवृत्तीनंतरही शासकीय गुपिते अधिनियम, 1923 लागू राहतो. तैनाती, मोहिमा, शस्त्रास्त्रं यांचे तपशील टाळा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे हस्तलिखित पाठवावं लागतं. स्वतःच पुस्तक काढणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) ऑनलाइन अर्जावर मोफत मिळतो. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.