१०,००० तासांचा गैरसमज
दादर-परळच्या गेमिंग कॅफेंत ‘१०,००० तास खेळलं की कुणीही अव्वल होतो’ असे मुले खात्रीने सांगतात. ते खरे नाही. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरील अभ्यासातून आला, आणि तिथेही ती उत्तम वादकांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी होती, यशाची हमी नव्हे. एरिक्सन यांचा भर नेमकी उणीव हेरून ती सुधारणाऱ्या सरावावर होता. माझा भाचा हरलेल्या सामन्याचा रिप्ले थांबवत थांबवत पाहतो आणि ‘ग्रेनेड उशिरा फेकला, नकाशाकडे लक्ष नव्हते’ असे वहीत टिपतो. रात्रभर रँकसाठी झगडण्यापेक्षा ही वीस मिनिटे मला कितीतरी मोलाची वाटतात.