घासलेल्या तबकड्या : नाशिक रेकॉर्डवर कसं नाचू लागलं

बुधवारी गंगेवर बाजार भरतो तेव्हा कुलपं, पितळी भांडी, बंद पडलेली घड्याळं यांच्या पसाऱ्यात एखाद्या पोत्यावर रेकॉर्डही मांडलेल्या दिसतात. (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) मागच्या हिवाळ्यात अशाच एका पोत्यावर मला दोन तबकड्या एकावर एक मिळाल्या. वरची द. वि. पलुस्करांच्या भजनाची. कागदी पाकीट शाबूत, पाकिटावर शाईने मालकाचं नाव, तबकडी आरशासारखी काळीभोर. खालची ‘अलबेला’ची. रंग राखाडी पडलेला, कडेचा टवका उडालेला, लेबलावर पांढऱ्या ऑइलपेंटने मोठा १७ आकडा. विकणारा प्रामाणिक होता. म्हणाला, “ही घासलीये साहेब, भिंतीला लावा.”

दोन्ही घेतल्या. त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे. ऐकायच्या रेकॉर्ड जपलेल्या सापडतात, नाचायच्या कधीच नाही. त्यामुळे आपलं गाव रेकॉर्डवर कसं नाचायला लागलं याचा शोध घ्यायचा तर चकचकीत संग्रह बाजूला ठेवून घासलेला माल बघावा लागतो.

सुरुवातीला तबकडी आणि नाच यांचा आपल्याकडे फारसा संबंध नव्हता. एमिल बर्लिनरने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचं पेटंट घेतलं १८८७ साली. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण करायला फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला तो १९०२ मध्ये, आणि त्या नोव्हेंबरात त्याने ज्यांचे आवाज टिपले त्यांत गौहरजान होती. गाणं संपताच ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. मुद्रण इथे व्हायचं आणि तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या माणसाला गाणारी कोण हे कळावं म्हणून ही सोय. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला १९०८ साली, आणि मग रेकॉर्ड हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली.

गंमत म्हणजे या तबकडीतला मुख्य पदार्थ आपलाच होता. मिनिटाला ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड लाखेची असते. सुतार फर्निचरच्या पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच चपडा लाख, तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी कालवलेली. (म्हणून अशी तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. माझ्या ओळखीच्या एकाने पुसली, आणि नाट्यसंगीत फडक्यावर उतरलं.) भुकटी मुद्दाम घातलेली असे. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या मापाची व्हावी हा हेतू. झिजायचं सुईने, तबकडीने नाही. त्यासाठी दर बाजूला नवी सुई लावायची. पण सुयांना पैसे पडतात. काटकसरी घरात एकाच सुईवर दहा-दहा गाणी वाजली की हिशेब उलटा व्हायचा. त्यात ग्रामोफोनच्या सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या आसपास. आजच्या चांगल्या टर्नटेबलवर सुईचा दाब दोनेक ग्रॅम असतो.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. या तीन मिनिटांत ख्याल बसवण्याची कसरत एका पिढीने केली, आणि तिच्यातलं एक मोठं नाव नाशिकचं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु १९२१ साली नाशिकलाच जन्मले. वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा, आणि स्वतः गेला तो जेमतेम चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये. एवढ्याशा आयुष्यात त्यांनी ज्या तबकड्या भरून ठेवल्या त्या नाशिकच्या वाड्यावाड्यांतून निघतात, आणि बहुतेक सुस्थितीत निघतात. देवघरातल्या वस्तूसारख्या वापरल्या जायच्या त्या. चावी द्यायची, बैठकीवर मांडी घालायची, पोरांनी जवळ यायचं नाही. नाटकातल्या पदांचंही तेच. ज्या गावात १९०९ साली कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी गोळी झाडली तीसुद्धा विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग असताना, त्या गावात नाट्यपदाची रेकॉर्ड म्हणजे काय चीज असेल हे सांगायला नको. वसंत कानेटकर इथलेच, एचपीटी कॉलेजात शिकवणारे. त्यांच्या १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’तली अभिषेकीबुवांच्या चालींची पदं पुढे रेकॉर्डवर आली, तीही अशीच बसून ऐकली गेली.

उठून नाचण्यासाठी म्हणून बनवलेली रेकॉर्ड पहिल्यांदा माझ्या हातात आली ती नाशिकरोडच्या एका भंगारवाल्याकडे. देवळालीच्या कुठल्याशा बंगल्यातला माल होता. देवळाली म्हणजे गोऱ्या पलटणींची छावणी; मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत सोल्जर तिथे इतके कंटाळायचे की ‘डूलाली’ हा इंग्रजीत वेड लागण्याला शब्दच झाला. त्या तबकड्यांच्या लेबलावर गाण्याच्या नावाखाली नाचाचं नाव छापलेलं होतं. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, क्विकस्टेप. व्हिक्टर सिल्व्हेस्टरसारखे वाद्यवृंदवाले तर तिशीच्या दशकापासून काटेकोर लयीतल्या रेकॉर्ड काढत होते, नाचणाऱ्याचं पाऊल चुकू नये म्हणून. आपल्या लेबलांवर राग छापायचे, नाटकाचं नाव छापायचे, पुढे सिनेमाचं. ‘महल’च्या १९४९ च्या रेकॉर्डवर तर लताबाईंचं नाव नाही, पडद्यावरच्या पात्राचं आहे : कामिनी. कशावर नाचायचं हे आपल्याकडे कंपनीने कधी सांगितलंच नाही. लोकांनी आपलं आपण ठरवलं.

आणि ठरवलं ते १९५१ साली, असं मला वाटतं. ‘अलबेला’ आला. संगीत सी. रामचंद्र यांचं, हे चितळकर पुणतांब्याचे, म्हणजे नाशिकहून हाकेच्या अंतरावरचे. नाचणारा भगवान पालव, गिरणगावातून वर आलेला गडी. वाद्यमेळात मुंबईच्या हॉटेलांतून बॉलरूमच्या धुना वाजवणारे गोवेकर वादक. त्यांतल्या चिक चॉकलेटचा बँड तर पडद्यावरही दिसतो. देवळालीतल्या तबकड्यांवर ज्या जातीचं संगीत होतं तेच रंबा-फॉक्सट्रॉट इथे हिंदी होऊन आलं, आणि भगवानदादांनी त्यावर जे पाऊल टाकलं त्याला कुठल्या क्लासची गरज नव्हती. गुडघे थोडे वाकवायचे, कोपर अंगाशी, खांदे हलवत पुढे सरकायचं. वरातीत आजही साठीतले काका बँडसमोर हेच करतात. त्यांना विचारा कुठे शिकलात, तर हसतील.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर (मराठीच माणूस) यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू होईपर्यंत लोकांनी रेडिओ सिलोन धरला. पण सिलोन लावून मांडवात नाचता येत नाही; कधी काय लागेल याचा भरवसा नाही, आणि खरखर वेगळीच. हवं ते गाणं हवं तेव्हा लावणारा माणूस पाहिजे होता.

तो म्हणजे लाउडस्पीकरवाला. माझ्या मते रेकॉर्डच्या आपल्याकडच्या इतिहासात सगळ्यात दुर्लक्षित माणूस हाच. संग्राहक गायकांची नावं सांगतात, कंपन्यांची लेबलं ओळखतात, पण गावातली पहिली नाचाची लायब्ररी ज्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत होती त्याची आठवण कुणाला नाही. लग्नाची सुपारी घ्यायची, आदल्या दिवशी झाडावर किंवा बांबूवर भोंगा बांधायचा, वीज नसेल तर बॅटरीवर अँप्लिफायर चालवायचा आणि पहाटे सनईने सुरुवात करायची. दुपारी पंगतीला भावगीतं. हळदीला आणि वरात परतल्यावर ‘ती’ गाणी. अंधारात, कंदिलाच्या उजेडात लेबलावरचं इंग्रजी कोण वाचणार? म्हणून ऑइलपेंटने आकडे टाकलेले असत आणि यादी पाठ असे. माझ्या ‘अलबेला’वरचा १७ हा तसाच आकडा.

आता घासलेल्या तबकडीकडे पुन्हा बघा. कडेच्या पहिल्या खाचा सगळ्यात जास्त खरवडलेल्या असतात. तीन मिनिटांत नाचणाऱ्याचं अंग नुकतं गरम झालेलं असतं आणि गाणं संपतं. वन्स मोअर! घाईने सुई उचलून पुन्हा कडेवर टेकवायची, एका रात्रीत सात-आठ वेळा. घरात वाजलेली रेकॉर्ड सगळीकडून सारखी झिजते. मांडवात वाजलेली कडेला झिजते. बँडवालेही लाउडस्पीकरवाल्याकडे येऊन बसत आणि चाल उतरवून घेत, तेव्हा एखादा अंतरा पुन्हापुन्हा वाजे. त्या जागी राखाडी पट्टा दिसतो.

विनाइल आलं तेव्हा ही ट्रंक हलकी झाली. अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची एलपी १९४८ साली निघाली, पुढच्या वर्षी ४५ ची छोटी तबकडी. आपल्याकडे मात्र लाखेची ७८ साठीच्या दशकातही छापली जात होती, कारण वीज न पोचलेल्या घरांत चावीचे ग्रामोफोन धडधाकट होते. बीटल्सची गाणी ७८ वर निघाली ती हिंदुस्थानात. त्या तबकड्यांसाठी आज परदेशी संग्राहक जीव टाकतात. सात इंची ईपीवर साधारण चार गाणी मावत, पडली तर फुटत नसे, आणि एचएमव्हीच्या फिएस्टासारखा प्लेयर बॅटरीवर चालून सहलीलाही नेता येई. लावण्यांना आणि कोळीगीतांना खरे पाय फुटले ते ईपीने. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘पिंजरा’ (१९७२) यांची गाणी ज्या वयातल्या बायका आज लाजत लाजत आठवतात, त्या तेव्हा माजघरात दार लावून त्यांवर नाचलेल्या आहेत.

दुसरा एक प्रवाह आहे, तो संग्राहकांच्या भावपत्रकात येत नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३०) आणि येवल्याची घोषणा (१९३५) ज्या जिल्ह्यात झाली, त्या जिल्ह्याचा हा कवी. त्यांची गाणी आधी तोंडोतोंडी फिरली. भीमगीतांच्या रेकॉर्ड निघाल्या तशा त्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भोंग्यावर लागल्या, आणि त्यांवर जितकी पावलं थिरकली तितकी क्वचितच कुठल्या सिनेमाच्या गाण्यावर थिरकली असतील. अशा ईपी सुस्थितीत मिळणं महाकठीण. ज्यांच्याकडे आहेत ते विकत नाहीत आणि विकूही नयेत. राहुलदेव बर्मनच्या एलपीला हजारो रुपये मोजणारे लोक लोकगीतांच्या ढिगाकडे ढुंकूनही बघत नाहीत, याचा मला खरं तर राग आहे; पण त्यामुळेच मला त्या परवडतात, तेव्हा जास्त बोलत नाही.

सत्तरीच्या दशकानंतरचं लवकर सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. पॉलिडॉरने बाजारात उतरून एचएमव्हीला टक्कर दिली, ‘शोले’च्या संवादांचीच एलपी काढली. बिद्दूच्या संगीतावर नाझिया हसन आली : १९८० ला ‘कुर्बानी’, १९८१ ला ‘डिस्को दीवाने’. तोवर आखातातून येणाऱ्यांच्या हातात रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन दिसू लागला होता. कॅसेटला सुई नाही, धक्का लागला तर उडत नाही, आणि ती भरून घेता येते. लाउडस्पीकरवाल्याने सगळ्यांत आधी पक्ष बदलला, यात नवल नाही. ट्रंका माळ्यावर गेल्या. नव्वदीच्या दशकात इथे रेकॉर्डचं उत्पादनच थांबलं.

माळ्यावरच्या वाचल्या, तळघरातल्या आणि दुकानांतल्या पाण्यात गेल्या. २००८ च्या पुरात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं. त्यानंतर कित्येक महिने भंगारात चिखलाची रेघ असलेली कव्हरं येत होती. कव्हर गेलं तरी विनाइल धुतलं की बोलतं. डिस्टिल्ड पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं खाचेच्या दिशेने फिरवायचं, सावलीत उभं करून वाळवायचं. उन्हात नको, नाशिकचा मे महिना एलपीची पुरणपोळी करतो.

या छंदाला शिस्त लावली ती मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने. १९९० पासून सुरेश चांदवणकर आणि मंडळींनी श्रवणसभा घेतल्या, नियतकालिक काढलं, याद्या केल्या. त्यांचं ऋण मोठं आहे. फक्त श्रवणसभेत कुणी उठून नाचत नाही.

आम्ही नाचतो. महिन्यातून एखाद्या रविवारी पंचवटीतल्या आमच्या घरी सतरंजी गुंडाळून ठेवतो, एका टर्नटेबलवर ७८ ची जाड सुई, दुसऱ्यावर विनाइलची. १७ नंबर तर लागतोच. सुरुवातीला पाऊस पडल्यासारखा आवाज आणि मग आतून चितळकर. मागच्या खेपेला मावशी आली होती. तिच्या लग्नात ज्याने भोंगा लावला होता त्याच्या मुलाकडून मी एक कोळीगीतांची ईपी आणली आहे, आकडा ४२. दुसऱ्या अंतऱ्यात तिची सुई एक खाच ओलांडून उडते, अर्धी ओळ गायब होते. मी सांगायच्या आत ती जागा आली आणि मावशीने बरोबर तिथे एक उडी मारून पुढचं पाऊल धरलं. नंतर पोरांनी तेच गाणं मोबाइलवर लावलं, स्वच्छ, अख्खं. मावशी मध्येच थांबली.

“हे कुठलं लावलंत रे? आमच्या गाण्यात एवढं नव्हतं.”